दसऱ्याचा हार चालत्या गाडीला

“दसऱ्याचो हार चालत्या गाडयेक,” दाजी म्हणाले. “मढ्याक हार घालूची माका हौस नाय. तवसर चालू झाली तर गाडी तुझी. नायतर विराजाक सांगान ठेवलंय. टेंपो घेवन येतलो नि नेतलो भंगारात.”

तू माझ्या कडेवर होतीस, रिये. दाजी म्हणजे माझे सासरे, तुझे आजोबा; त्यांच्या चष्म्याची दोरी ओढत होतीस. म्हणजे या कराराला साक्षीदार तूच. म्हणून तुलाच सांगते. मोठी झालीस की गावात कुणीतरी तुला ही गोष्ट सांगेलच, आणि त्यांच्या गोष्टीत इंजिन तुझ्या बाबाने बसवलेलं असेल.

तुझा बाबा तेव्हा बोटीवर होता. बसवलं मी.

जीप दाजींची. बोटीवरून कायमचे उतरले तेव्हा त्यांनी ती घेतली. उंच, चौकोनी, मागे समोरासमोर दोन बाकं. तुझा बाबा देवेश तिला एसयूव्ही म्हणतो, तुझी आजी अक्का खटारो म्हणते. मे महिन्यात देवेश रजेवर आला होता आणि ती सावंतवाडीहून घरी आणत होता. रेडिएटर गळत होता. सुई लाल रेघेच्या पलीकडे गेली तरी ‘आता घर इलाच’ म्हणत हा आपला चालवतोय. घर आलंही. पण खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरताना इंजिनाने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि जॅम झालं. सुट्टी संपली, देवेश गेला, जीप मांगरात, अंगणाकडेच्या छपराखाली, जाऊन बसली. कोंबड्यांना टायर मिळाले.

मला ती गाडी का हवी होती, ते तुला आठवणार नाही. श्रावणातल्या एका दुपारी तुझं अंग तव्यासारखं तापलं. अक्का आणि मी तुला घेऊन वळणावर उभ्या. रिक्षा सगळ्या जेटीवर, पर्यटकांच्या मागे. एसटी गेलेली. फोन करू त्या प्रत्येकाकडे ‘वायच थांब, बघतंय’. शेवटी मासळीचा टेंपो आला आणि आम्ही बर्फाच्या पेट्यांवर बसून दवाखान्यात गेलो. बर्फाचं पाणी माझ्या साडीत झिरपत होतं आणि तू छातीशी जळत होतीस. त्या टेंपोत मी ठरवलं, यापुढे माझ्या लेकीला घेऊन मी वळणावर कुणाची वाट बघत उभी राहणार नाही.

संध्याकाळी तू शांत झोपलीस आणि मी मांगरात जाऊन जीपचं बॉनेट उघडलं.

मी कसालच्या गंगाराम मिस्त्रीची मुलगी. हायवेवरच्या आमच्या गॅरेजमध्ये शाळेतून आले की दप्तर तेलाच्या डब्यावर ठेवायचं आणि बाबा मागतील तो पाना द्यायचा. पुढे पुढे त्यांनी मागायच्या आधीच मी द्यायला लागले. लग्नाच्या वेळी गॅरेज भावाला मिळालं आणि मला पितळेची भांडी. पण भांड्यांच्या पेटीत तळाला मी पान्यांचा एक सेट आणि टेस्ट लॅम्प घातला होता. बाबांनी ते बघितलं, आणि वर एक पातेलं ठेवून झाकण लावलं.

दोडामार्गला रबराच्या बागेत अगदी तशीच एक जीप कुजून पडली होती. बॉडीची चाळण झालेली, पण इंजिन ठणठणीत. बाबा, मी आणि तू बघायला गेलो. दुसऱ्या बॅटरीवर ते चालू केलं, तेव्हा बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि थोड्या वेळाने तोच स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

“तू आयक.”

मी ऐकलं. आत सगळं एका तालात चाललं होतं.

“बरा आसा,” मी म्हटलं.

“मगे घे,” बाबा म्हणाले. “माका कित्याक इचारतंस? गाडी तुझी.”

अजून माझी नव्हती. पण तसं म्हणणारे ते पहिले.

जुनं इंजिन काढताना प्रत्येक वायरला तुझ्या फाटलेल्या दुपट्याची एकेक चिंधी बांधली. बदकाची चिंधी अल्टरनेटरला, फुलाची तेलाच्या दिव्याला, चांदणीची स्टार्टरला. तू मांगराच्या दारात गोधडीवर पालथी पडून चिंध्यांकडे बघायचीस आणि जागी असलीस की माझं काम तुझ्या मर्जीवर चालायचं. एक बोल्ट, एकदा दूध. एक पाइप, एकदा शी. होडीचं इंजिन उचलायला सुरूच्या तीन वाशांची तिकाटी करतात, ती शेजाऱ्यांकडून आणली आणि बाबांनी साखळीच्या पुलीने जुनं इंजिन वर काढलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा.

विराज तर मुद्दाम थांबला. दाजींचा चुलत पुतण्या, भंगाराचा धंदा, बोलायला एकदम गोड.

“वैनी, ह्या काय भाकरी थापण्यासारखा न्हय हां!”

“खरा तुझा,” मी म्हटलं. “भाकरी तुका थापूक येता काय?”

“नाय बा.”

“मगे दोन्ही बाबतीत गप रव.”

तो हसला, पण जाता जाता जीपच्या पत्र्यावर टिचकी मारून गेला. किती जाड आहे ते बघायला.

नवीन इंजिन कसालला नेलं, धुतलं, गळणारी सीलं बदलली. इंजिन त्याच जातीचं, म्हणून आरटीओत फक्त नंबर बदलून घ्यायचा होता. तेही करून घेतलं. तेवढे दिवस तू आणि मी माहेरी होतो. परत आलो तर जीपचं रिकामं पोट हिरवंगार. चासिसपासून कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत जाड, चकचकीत रंग, बोटीवर मारतात तसला.

दाजींचं सगळं आयुष्य लोखंड घासण्यात आणि रंगवण्यात गेलं. बोसन होते ते. डेकवरचं सगळं लोखंड त्यांच्या ताब्यात. आजही आमच्या घरात जे लोखंडाचं आहे ते हिरवं आहे. गेट, रहाटाचा कणा, विळीचं पातं सोडून बाकीची विळी. ‘दर्या उघड्या लोखंडाक खाता’ हे त्यांचं वाक्य तुला बोलायला यायच्या आधी पाठ होईल.

“रंग तुम्ही लावलात?” मी विचारलं.

“भंगारात जावची तर वायच बरी दिसान जांवदे,” दाजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

मला राग आला. मेलेल्याला नवे कपडे घालतात तसं वाटलं मला ते. मी त्या चकचकीत रंगावर इंजिन बसवलं. बाबा पुलीपुरते आले होते.

“वायरिंग तुझा,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांका आता लाल नि तपकिरी एकच दिसता.”

बदकाला बदक, फुलाला फूल, चांदणीला चांदणी. सगळं जोडलं. डिझेल भरलं, हवा काढली. तुला अक्काकडे दिलं आणि चावी फिरवली.

टक्.

एवढंच. पुन्हा फिरवली. टक्.

बॅटरी उतरली म्हणावं तर हेडलाइट लख्ख. हॉर्न असा खणखणीत की कोंबड्या टायर सोडून पळाल्या. पण स्टार्टर इंजिन फिरवेना, इंजिनातला हीटर गरम होईना आणि तापमानाची सुई थंड इंजिनावर वेड्यासारखी नाचत होती.

मग सुरू झाले ते दिवस. तू झोपलीस की मी मांगरात. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक बॅटरीच्या निगेटिव्हला चिमट्याने लावायची, दुसऱ्या टोकाने करंट कुठे पोचतो ते बघायचं. स्टार्टरवर लावला, पेटला. हीटरवर लावला, पेटला. जिथे लावावा तिथे पेटायचा. सगळीकडे करंट पोचतोय आणि काम कुणीच करत नाहीय. स्टार्टर काढून बॅटरीला थेट जोडला, तर गरगर फिरला. परत बसवला, टक्. चिंध्या सोडून पुन्हा बांधल्या. मला स्वप्नात बदकं दिसायला लागली.

बॉनेटमध्ये डोकं घालून मी उभी असायचे आणि मागून आवाज यायचे. “खंय पोचली गाडी?” “देवेश इल्यावर बघतलो गो, तू कित्याक हात काळे करतंस?” “पोराक दूध पाजतंस त्याच हातान?” याचं उत्तर मी एकदा दिलं. “होय. धुवन पाजतंय. तुझ्या नवऱ्याक सांग, तोय हात धुवन जेवूक बस.” त्यानंतर ती बाई वाट बदलून जायला लागली.

 दाजी खळ्यात खुर्ची टाकून मांगराकडे पाठ करून बसत. पण चावी फिरली की त्यांचा पेपर खाली येई.

खंडेनवमी उजाडली. म्हणजे दुसऱ्या दिवशी दसरा.

तुला माहीत असेलच तोवर, आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात. शेतकरी कोयता-नांगर ठेवतो, सुतार रंधा. दाजींची जहाजावरची खरवडणी दरवर्षी पाटावर असते. एकदा हळद-कुंकू लागलं, फूल वाहिलं, की दसऱ्याची पूजा होऊन उठेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ती त्याची सुट्टी.

मी तुला आंघोळ घालून बाहेर आले, तर देवघरासमोर पाटावर माझे पाने. सगळे. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, स्वच्छ पुसलेले, प्रत्येकावर झेंडूची पाकळी. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टेस्ट लॅम्प. शेजारी दाजींची खरवडणी.

“अक्का!”

“काय गो? तुझी पण हत्यारा ठेवलंय औंदा,” अक्का कौतुकाने म्हणाली. “इतकी वर्सा ह्या घरात एकट्या तेंचाच हत्यार पाटार. बायलमाणसाचा पयल्यांदाच. कशी दिसतत बघ!”

मला रडावं की हसावं कळेना. या घरात माझ्या पान्यांना देवासमोर जागा मिळाली होती, आणि त्याच दिवशी ते माझ्या हातातून गेले होते. उद्या सकाळी विराज येणार होता.

अक्काला दुखवायचं नव्हतं. मी नुसती चावी घेतली. “चावी काय हत्यार न्हय,” मी म्हटलं.

“न्हय,” अक्काने विचार करून मान्य केलं आणि तुला घेऊन माझ्यामागे मांगरात आली.

मी सीटवर, अक्का तुला कडेवर घेऊन उघड्या बॉनेटपाशी. मी चावी फिरवली. टक्. धरून ठेवली. पुन्हा, पुन्हा. रागानेच. तुझी सवय, दोरी दिसली की ओढायची. पेडलपासून इंजिनाकडे जाणारी ॲक्सिलरेटरची बारीक केबल तुला दिसली आणि तू झेपावलीस. अक्काने तुझा हात मागे ओढला आणि तिचीच बोटं केबलीला लागली.

“आये गे! ह्या तापलाहा कित्याक?”

“काय तापला?”

“ह्या! ही दोरी गो! चायच्या टोपासारखी तापलीहा!”

मी उडी मारून खाली उतरले. तुझी बोटं आधी बघितली. एकेक. ठीक होती, आणि तू हसत होतीस. मग केबलीला हात लावला. खरंच चटका बसत होता.

ॲक्सिलरेटरची केबल म्हणजे नुसती लोखंडी तार. तिच्यात वीज असायचं काही कारणच नाही. ती तापतेय म्हणजे तिच्यातून करंट जातोय. आणि तो बिचारा तिथून जातोय, कारण त्याची खरी वाट बंद आहे.

बॅटरीतून निघालेला करंट स्टार्टरपर्यंत पोचला की काम संपत नाही. त्याला परत बॅटरीकडे यावं लागतं. इंजिनापासून चासिसला एक जाड विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. ती परतीची वाट. मी इतके दिवस बल्ब घेऊन करंट पोचतोय का एवढंच बघत होते, आणि बल्बाचा चिमटा थेट बॅटरीला लावत होते, त्यामुळे तो दर वेळी पेटत होता. मोठा रस्ता बंद झालेला करंट घरी यायला केबलीसारखी पायवाट शोधत होता. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला होती, म्हणून बॉडीवरचे दिवे, हॉर्न ठीक. इंजिनावर बसलेलं जे जे होतं ते सगळं रुसलेलं.

मी चासिसवर वाकले. पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट. मीच आवळलेला. आणि बोल्टच्या खाली, पट्टीच्या खाली, चकचकीत, जाड, हिरवा रंग. दर्यालासुद्धा आत शिरू न देणारा. विजेला काय शिरू देणार?

“अक्का, तुमची बोटा दुखतत?”

“नाय गो. काय झाला?”

“गावला.”

मी घरात गेले, पाटासमोर बसले आणि सतराचा पाना उचलला. पाकळी खाली पडली.

“अगो, अगो!” अक्का धावत आली. “पुजेक लागलेला हत्यार! उद्यापर्यंत थांब!”

“उद्या विराज येतलो.”

“मगे शेजारसून पानो हाड!”

“सगळ्या गावाचे पाने आज पाटार आसत, अक्का. नि सगळ्या गावान माका इतके दिवस इचारल्यानी, गाडी खंय पोचली. देवाक राग इलो तर माझ्यार येवंदे. मी तेका सांगतंय, माझा पोर बर्फाच्या पेटीर बसान दवाखान्यात गेला. तेवा तू खंय होतंस?”

मी हे देवाला म्हणाले की कुणाला, मला माहीत नाही. आवाज मात्र खळ्यापर्यंत गेला. खुर्ची सरकली. दाजी दारात उभे.

“काय गावला?” त्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. “रंग, दाजी. अर्थिंगच्या खाली रंग आसा. तेका उघडा लोखंड लागता.”

दाजींचा चेहरा आधी कोरा झाला. मग हळूहळू त्यांना कळलं. आणि मलाही तेव्हाच कळलं. मेलेल्याला घालायचे कपडे नव्हते ते. भंगारात जायच्या गाडीच्या पोटात कुणी उपडं पडून, कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश घालून, रंगाचे दोन-दोन हात देत नाही. त्यांनी जीप दर्यापासून वाचवली होती. माझ्यासाठी.

“मीच मारलंय तर तिका,” ते पुटपुटले.

“नाय मारल्यात. नुसता तोंड बंद केलात.”

 त्यांनी टोपी नीट केली, पाटासमोर आले आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागले. जहाज बंदर सोडताना घालायचे तसं, मोठ्याने.

“बा देवा महाराजा! आज खंडेनवमी. हत्यारा तुझ्या पाटार इश्रांतीक बसलीहत. पण घरात एक काम अर्ध्यार रवलाहा, नि ता माझ्याच हातान अर्ध्यार रवलाहा. तर जी काय चूकभूल आसात ती माझ्या पदरात घाल, नि ह्या चेडवाच्या हाताक यश दी, रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” अक्का म्हणाली. सवयीनेच. आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण परवानगी दिली.

दाजींनी वाकून आधी आपली खरवडणी उचलली. “तुका जमाचा नाय. माझो रंग सहज निघणारो न्हय.”

नाहीच निघाला. जमिनीवर आडवं पडून दाजी खरवडत होते आणि मी टॉर्च धरून होते. स्वतःच्याच रंगाला शिव्या घालत होते आणि स्वतःच त्याचं कौतुक करत होते. “बघ, बघ कसो धरलोहा! आजकालचो रंग असतो तर नखान निघालो असतो.” शेवटी चांदीच्या नाण्यासारखा एक गोल उघडा झाला. मी पट्टी बसवली, बोल्ट आवळला. उघड्या लोखंडाला खारा वारा लागू नये म्हणून वरून जेली लावायची असते. जवळ होती ती तुझ्या अंगाला लावायची. तीच लावली.

चावी फिरवली.

टक् नाही. इंजिन फिरलं, खोकलं, मांगरभर काळा धूर झाला आणि मग आत सगळं एका तालात लागलं, दोडामार्गला ऐकलं होतं तसं. तू अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून थेट झोपलीस. इतक्या आवाजात! अक्का रडत होती आणि म्हणत होती, धूर गेला डोळ्यांत.

दसऱ्याच्या सकाळी विराज खरंच आला. टेंपो खळ्याच्या तोंडाशी आडवा लावून. दाजींनी हार आणला, झेंडूचा, मध्ये कुरडूची फुलं, आणि जीपच्या नाकावर घातला. मग मला बाजूला घेतलं.

“आता देवेश येयसर खळ्यातच ठेव हां. चालू झाली, बरा झाला. रस्त्यार तो चालवात.”

“दाजी, हार कोणाक?”

“गाडयेक.”

“खंयच्या?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेंपोकडे. ओठ मिशीत हलले.

“चालत्या,” ते म्हणाले.

मी लायसन्स पर्समध्ये टाकलं, तुला शेजारच्या सीटवर बसलेल्या अक्काच्या मांडीवर दिलं आणि स्टिअरिंगवर बसले. खिडकीतून हात बाहेर काढला.

“विराजभावजी, टेंपो मागे घेवा. वाट सोडा.”

“खंय चललात वैनी?”

“खंयय.”

त्याने टेंपो मागे घेतला. घ्यावाच लागला. वळणावर, जिथे श्रावणात आपण उभ्या होतो, तिथे मी न थांबता वळले.

मागच्या बाकावर दाजी बसले होते. त्यांच्या पायाशी काहीतरी खडखडत होतं. आरशात बघितलं, हिरव्या रंगाचा डबा.

“ह्यो कित्याक, दाजी?”

“तो गोल उघडो रवलोहा गो. पोराच्या जेलीन काय होतला? दर्या खायत. बोल्टाभोवती वायच, नुसतो एक हात...”

“त्या गोलाक हात लावूचो नाय,” मी म्हटलं. “गाडी माझी.”

अक्का हसली, तू जागी झालीस, आणि दाजींनी डबा पायाने बाकाखाली सारला.